रिंगणातली रिकामी कमान

सोमवार, ता. ४

रोजनिशीचा आरंभ मंगलाचरणाने करावा असा शिष्टसंप्रदाय आहे; मी तो तक्रारीने करतो. तक्रार एका स्टुलाविरुद्ध आहे. नव्या नोकरीत मला मिळालेलं आसन गोल, फिरतं आणि बसणाऱ्याच्या भाराने हळूहळू खाली जाणारं आहे. वाक्याच्या कर्त्यापाशी मी टेबलाहून उंच असतो, कर्मापाशी टेबलाच्या बरोबरीत येतो आणि क्रियापद येईपर्यंत हनुवटी लाकडाला टेकते. त्यामुळे आज दिवसभर आखूड वाक्यं लिहिली. माझ्या संपादकांना जन्मभर जे जमलं नाही ते एका स्टुलाने एका दिवसात करून दाखवलं.

बाकी आनंदीआनंद आहे. आमचं वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा ताईने फोनवर एवढंच म्हटलं की सामान उचल आणि ये, रडगाणं इथे आल्यावर गा. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे आणि हे अंतर तिने कधी वाया जाऊ दिलेलं नाही. तिच्या घरातली मागची खोली मला मिळाली. खिडकीसमोर लाँड्रीची मागची भिंत आहे, तिच्यातून दिवसभर वाफ निघते. कपाटाच्या वरच्या फळीवर माझे कोश आणि खालच्या फळीवर भावोजींचे रंगाचे डबे. दोन शास्त्रं एकाच छताखाली नांदत आहेत.

नोकरीही भावोजींनीच लावून दिली. ते एका कारखान्यात जुन्या खेळयंत्रांच्या पेट्या रंगवतात. पूर्वी खेळघरांतून माणसाएवढी उभी यंत्रं असायची, समोर पडदा, खाली दांडी आणि बटणं, ती ही. आता ती कोणी बनवत नाही. मोडकी यंत्रं गोळा करायची, जिवंत करायची आणि हौशी लोकांना भाड्याने द्यायची असा हा धंदा. मालकीणबाईंना त्यातून संग्रहालय काढायचं आहे. प्रत्येक यंत्राशेजारी माहितीचं कार्ड हवं, आणि कार्ड लिहायला माणूस हवा. भावोजींनी माझी शिफारस केली ती अशी: मेव्हणा आहे, लिहितो बरा, बोलतो जरा जास्त.

भावोजी मला शास्त्रीबुवा म्हणतात. पाठशाळेत काढलेल्या वर्षांचा एवढाच काय तो मोबदला. त्यांची बोटं सदा रंगात, म्हणून घसरलेली पँट ते कोपरांनी वर ओढतात: आधी उजवं कोपर, मग डावं, मग एक छोटी उडी. ताई म्हणते, मला बघायला आले तेव्हाही हेच केलं, आणि मी हसले, आणि हसले म्हणून होकार समजले.

मंगळवार, ता. ५

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला लाँड्री. आत डाख लावल्याचा वास आणि सतत खरखरणारा रेडिओ. मालकीणबाईंचा आवाज त्या रेडिओवर मात करण्यात कमावलेला असावा. त्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून हिंडतात, एका हातात सफरचंद, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर, आणि कधीतरी चुकून भलतंच तोंडात घालतील अशी मला धास्ती वाटते. मला त्या पत्रकारसाहेब म्हणतात. त्यातला साहेब काढून टाकला तर अपमान कमी होईल.

आज मोटारींच्या शर्यतीचं आणि चंद्रावर बटाटे वेचण्याचं अशी दोन कार्डं लिहून झाली. मग कोपऱ्यातल्या यंत्रापाशी आलो. त्याला इथे सगळे रिंगण म्हणतात. माथ्यावरचं खरं नाव खरवडून गेलं आहे. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, संग्राहकांच्या याद्यांमध्ये नोंद नाही. अपौरुषेयच म्हणायचं.

खेळ झुंजींचा आहे. वाळूचं गोल मैदान, भोवती प्रेक्षकांनी भरलेल्या पायऱ्या, मैदानाला आठ कमानी आणि कमानींत आठ योद्धे. एक जाळं घेतलेला, माशाच्या तोंडाचा. एक शिंगवाला, हातोड्याचा. एका धडावर दोन माथी असलेल्या भाला घेतलेल्या बहिणी. एक पिसांच्या जागी पाती असलेली बाई. अशी सगळी वरात. खेळणाऱ्याच्या वाट्याला मात्र एकच योद्धा: लोखंडी मुखवट्याचा, ढाल आणि आखूड तलवारीचा. त्याला चेहरा नाही. वार्ताहर म्हणून मला तो लगेच आपला वाटला.

झुंज हरलेला गुडघे टेकतो. मग खेळ थांबतो, प्रेक्षक गप्प होतात आणि निकाल खेळणाऱ्यावर येतो. पांढरं बटण दाबलं तर अभय, काळं दाबलं तर वध. बाईंनी सफरचंद चावता चावता सांगितलं की आमच्याकडे हरलेल्याला मारत नाहीत, पांढरं दाबायचं. का, असं विचारलं तर म्हणाल्या, बाबांची पद्धत. ज्या स्वरात जाताना दिवे मालवा म्हणतात, त्याच स्वरात.

मी मान डोलावली. आचार हा परमधर्म असला तरी चहाची वेळ झाली होती.

गुरुवार, ता. ७

एक कबुली. मी चांगला खेळतो.

हे मलाच नवीन आहे. दोन दिवस शिंगाड्याने माझ्या मुखवट्याचा भुगा केला आणि भावोजींनी ब्रश थांबवून मनमुराद हसून घेतलं. आज सकाळी मात्र काहीतरी उमगलं. प्रत्येक योद्ध्याची एक खोड असते. शिंगाड्या हातोडा उचलण्याआधी मान हलवतो. बहिणींपैकी डावी आधी डोळे मिटते. खोड दिसली की तिच्या फटीत तलवार घालायची. आयुष्यभर लोकांच्या खोडी टिपून बातम्या केल्या, तोच धंदा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आठांपैकी सात गुडघ्यावर आणले आणि सातांना अभय दिलं.

आणि प्रेक्षक! चार ठिपक्यांची ती माणसं, पण झुंज जिंकली की सगळ्या पायऱ्या एकदम उभ्या राहतात. स्पीकर जुना आहे, त्यामुळे जयजयकार नाही, नुसता खोल हुंकार येतो, पोटात लागणारा. माझ्या बातम्यांखाली नेहमी ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढंच छापलं जायचं. माझ्यासाठी कोणी खुर्चीतूनसुद्धा उठलेलं आठवत नाही. इथे ठिपके का होईना, उठले.

घरी जेवताना सांगितलं. ताई म्हणाली, या वयात? भावोजी म्हणाले, अगं, बुवा दांडी धरतात तेव्हा कान हलतात त्यांचे. पुढचा अर्धा तास दोघांनी माझ्या कानांवर काढला.

शनिवार, ता. ९

भावोजी आता रिंगणाची बाजू रंगवतात. पेटीच्या बाजूला आठही योद्ध्यांचं चित्र आहे. मासेतोंड्या सगळ्यांत खराब झालेला. त्यांनी तो घासून काढला, खालचं कोरं प्लायवूड उघडं पडलं आणि ते पेन्सिलीने नव्याने काढायला बसले.

मी समोर खेळत होतो. कार्ड जवळजवळ पुरं झालं होतं, फक्त एक ओळ अडली होती: काळं बटण दाबल्यावर काय होतं. वार्ताहराचा एकच नियम मी आजवर मोडलेला नाही, न पाहिलेलं लिहायचं नाही. बाई जेवायला गेल्या होत्या. मासेतोंड्या गुडघ्यावर होता. मी भावोजींना म्हटलं, बघूच एकदा.

ते म्हणाले, राहू द्या हो, बाईंना नाही आवडत. मी त्यांना कार्यकारणभावावर छोटंसं व्याख्यान दिलं. ते ऐकत होते, हात कोऱ्या लाकडावर टेकलेला, पेन्सिल कानावर. शेवटी म्हणाले, तुमच्याशी बोलून कोण जिंकलंय, शास्त्रीबुवा. आणि मी काळं दाबलं.

मासेतोंड्याने मान वर केली. मुखवट्याकडे नाही, काचेतून बाहेर पाहिलं. मग तो नाहीसा झाला. प्रेक्षक उभे राहिले नाहीत, हुंकार नाही. आठ कमानींपैकी एक रिकामी, आत नुसता अंधार.

कार्डावर लिहिलं: ‘काळ्या बटणाने पराभूताचा वध होतो व तो पुन्हा दिसत नाही.’ वाक्य आखूड आणि चोख आहे.

भावोजी म्हणाले, हात गारठल्यासारखा झालाय. पंख्याखाली बसता म्हणून, मी म्हटलं.

रविवार, ता. १०

भावोजी आज उठले नाहीत. म्हणजे जिवंत आहेत, श्वास आहे, डोळे अर्धे उघडे आहेत, पण हाक मारली तर कोणी फार लांबून ऐकावं तसं करतात. डॉक्टर येऊन गेले. थकवा म्हणाले, तपासण्या लिहून दिल्या. ताईने सूप भरवलं, दोन चमचे गेले.

ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली की काल रात्री झोपताना ते गुडघे दुखतात म्हणत होते, मी म्हटलं दिवसभर जमिनीवर बसता, दुखणार नाही तर काय. ओरडले मी त्यांच्यावर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, तुझी काही चूक नाही गं.

हे वाक्य म्हणताना माझी जीभ जरा अडखळली. का, ते कळलं नाही. असं लिहिणं प्रामाणिक नाही. थोडं कळलं.

सोमवार, ता. ११

कमान रिकामी नाही.

नवा योद्धा आहे. मासा नाही, शिंगं नाहीत. साधा माणूस, कमरेला कापड, हातात लांब दांड्याचं काहीतरी, भाला म्हणावा तर टोकाला केसांचा झुपका. कमानीतून बाहेर आला, वाळूत थांबला. आधी उजवं कोपर कमरेला लावून कापड वर ओढलं, मग डावं. मग एक छोटी उडी मारली.

मी दांडी सोडायला हवी होती. तो धावून आला आणि माझा हात आपोआप फिरला. उडी मारताना डावा खांदा खाली जातो. तीच त्याची खोड. तलवार तिथेच बसली. तो गुडघ्यावर आला. पायऱ्या उभ्या राहिल्या, तो हुंकार आला, आणि माझ्या पोटात नेहमीसारखं गोड झालं. मग मला काय दिसतंय ते कळलं.

पांढरं दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं, एकदाच पुरतं तरी.

घरी आलो तर ताई भावोजींचा सदरा बदलत होती. डाव्या खांद्यावर काळानिळा वळ. पलंगावरून पडले असतील का रे, तिने विचारलं. मी म्हटलं, असतील.

मंगळवार, ता. १२

बाईंना सगळं सांगितलं. काळं बटण दाबलं इथपासून. मला वाटलं होतं हसतील. त्या हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाल्या, शिकलेल्या माणसाला एक साधी गोष्ट सांगितली होती. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

मग त्या रिंगणाकडे गेल्या आणि प्लग ओढला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात माझा फोन वाजला. ताई. शब्द नव्हते, नुसता आवाज. भावोजींचा श्वास थांबला होता. मी ओरडलो, लावा, प्लग लावा. बाईंनी लावला. पडदा उजळला. फोनवर ताई रडत म्हणाली, घेतला, घेतला श्वास, तू लगेच ये.

जाण्याआधी बाईंनी मला बाहीला धरून थांबवलं. त्या लहान असताना त्यांच्या काकांचं असंच झालं होतं. बटण त्यांच्या वडिलांनी दाबलं होतं, काका पेटीला टेकून उभे होते. कमान रिकामी ठेवत नाही ते यंत्र, खेळणाऱ्याखेरीज पेटीला टेकून असेल त्याला घेतं. त्यातून सुटायची वाट एकच. कमानीतल्याने मुखवटेवाल्याला हरवायचं. जो हरवतो त्याला लाकडी तलवार मिळते, मोठा दरवाजा उघडतो आणि तो चालत घरी जातो. त्या दिवशी बाबा मुद्दाम हरले, काका पलंगावर उठून बसले आणि पाणी मागितलं. त्यानंतर बाबांनी दांडीला हात लावला नाही आणि पांढऱ्या बटणाची पद्धत आली.

मी म्हटलं, मग तुम्ही खेळा. त्या म्हणाल्या, ज्याने जागा रिकामी केली त्याच्याशीच तो लढतो, दुसऱ्याने दांडी धरली तर बाहेरच येत नाही. नुसता उभा राहिलात तरी चालत नाही, झुंज रद्द होते. लढून हरावं लागतं. मग त्यांनी विचारलं, जमेल ना?

मला हसू आलं. हरणं न जमायला काय झालं.

गुरुवार, ता. १४

दिवसभर हरायला गेलो होतो. प्रत्येक झुंज जिंकलो.

नीट लिहितो, नाहीतर पटणार नाही. ठरवून ढाल खाली ठेवतो. ते येतात, भाला उगारतात, मी वाट बघतो. शेवटच्या क्षणी खांदा खाली जातो, आणि डोळ्यांना दिसतं, आणि हात — हात विचारत नाही. वाक्यात चूक दिसली की पेन्सिल जशी आपण होऊन जाते, तशी.

मग ते गुडघ्यावर. मग पायऱ्या उठतात.

दुपारी भावोजींच्या बरगडीवर नवा वळ. ताईने मोजायचं सोडून दिलं आहे. ती म्हणाली, तू आहेस म्हणून धीर आहे रे मला, एकटी असते तर वेड लागलं असतं. माझ्या ताटात तिने अंडं वाढलं. स्वतः घेतलं नाही. मी ते खाल्लं.

शुक्रवार, ता. १५

उजव्या हाताची बोटं चिकटपट्टीने बांधून खेळलो. जिंकलो.

डोळे मिटून खेळलो. हुंकारावरून कळतं ते कुठे आहेत. जिंकलो.

बाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, पत्रकारसाहेब, तुम्ही हरत नाही आहात. मी म्हटलं, प्रयत्न करतोय. त्या म्हणाल्या, बाबा घामाने भिजले होते. तुमचा चेहरा मी बघत होते. तुम्ही हसत होतात.

शनिवार, ता. १६

डॉक्टर पुन्हा. ठोके अनियमित. इस्पितळात हलवू म्हणाले, मग नाडी बघून म्हणाले हलवू नका. आणखी ताण सोसणार नाही हा माणूस. ताण, असं म्हणाले. कसला ताण ते त्यांना माहीत नाही.

ताईने त्यांचे हात धुतले. नखांत निळा रंग अजून आहे. तो तिने काढला नाही.

मला तिला सांगायचं होतं. दारात उभा राहिलो. ती म्हणाली, जा तू, काम चुकवू नकोस, नोकरी नवीन आहे. मी गेलो — कामावर — म्हणजे —

रविवार, ता. १७

सुट्टी. बाईंकडून किल्ली घेतली. सकाळचं ऊन पत्र्याच्या भोकांतून पडद्यावर पडत होतं, तरी सगळं स्वच्छ दिसत होतं.

ते बाहेर आले. उजवं कोपर. डावं. उडी मारली नाही. उडी मारायचं त्राण नाही. खांदा खाली गेला नाही. फट नव्हती. मला वाटलं, झालं, आता हरणार, देवा, आता —

आणि काय केलं मी? नवी खोड शोधली. सापडली. श्वास घेताना थांबतात.

पांढरं. घरी जायचं धाडस नाही. इथेच बसलोय.

रविवार, दुपार

ताई आली. डबा घेऊन. शेजारीण भावोजींपाशी बसली आहे. बाईंनी दार उघडलं असावं, मला कळलंच नाही. मागून पडद्याकडे बघत होती.

मी पुन्हा दांडीला हात लावला होता, तेव्हाच ते कमानीतून आले. उजवं कोपर. डावं.

ताईच्या हातातून डबा पडला. तिला काही सांगावं लागलं नाही. मग सगळं सांगितलं. काळं बटण. वळ. प्लग. लाकडी तलवार. ‘असतील पडले’ म्हणालो ते.

तिने मारलं नाही. मारायला हवं होतं. म्हणाली, तू हरू शकतोस आणि हरत नाहीस? मी म्हटलं, हात ऐकत नाही. ती म्हणाली, हाताचं नाव सांगू नकोस. लहानपणी प्रत्येक खेळात मी तुझ्यासाठी हरायचे, तुला रडू यायचं म्हणून. कधी कळू दिलं नाही. आता तू हर. एकदा. माझ्यासाठी हर.

हरतो, म्हणालो. शपथ घेतली. ती मागे उभी. खांद्यावर तिचा हात. दांडी धरली —

रविवार

गुडघ्यावर आहेत. जिंकलो. ती बघत असताना जिंकलो.

वही बटणांशेजारी टेकवून लिहितोय. बटण दाबेपर्यंत खेळ थांबतो. कितीही वेळ थांबतो. तेवढाच वेळ आहे. पायऱ्या उभ्या आहेत. हुंकार चालू आहे. ताईचा हात खांद्यावर नाही.

शेजारणीचा फोन. श्वास अडकत अडकत. लवकर या.

पांढरं दाबलं की पुढची झुंज. ती शेवटची. ते सोसणार नाहीत —

पुढच्या वेळी हरेन, ताईला म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या शेजारी आली. यंत्राला दुसरी दांडी आहे, समोरच्या योद्ध्याची. गंजून बसलेली, बाई म्हणतात कधी हललीच नाही. ताईने दोन्ही हातांनी धरली. हलली. पडद्यावर भावोजींनी मान वर केली.

त्यांना मी खेळवते, म्हणाली. दाब पांढरं.

बाई रडतायत. मी दाबतो आहे. त्याआधी एक लिहायला हवं, कारण नंतर कोणी खरं लिहिणार नाही, मी तर नाहीच.

यंत्राची भीती मला पहिल्या दिवसापासून नव्हती, आजही नाही. भावोजी जातील याची भीती वाटते, पण तीसुद्धा खरी काळजी नाही. ताईने दांडी उलटी धरली आहे. अंगठा चुकीच्या बटणावर आहे. तिला खेळ येत नाही. हे दिसलं आणि मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, ती पोटातली नेहमीची गोडी —